काय बिघडलंय ते नंतर, आधी काय बिघडलं ते सांगा : मेंदूच्या झिजेचे आजार

पौडफाटा

मी फिजिओथेरपिस्ट. नोकरीतून निवृत्त झाले तरी कोथरूड, कर्वेनगर भागात घरी जाऊन पेशंट बघते, त्यातले बरेचसे न्यूरोचे. डॉक्टर नाही, त्यामुळे इथे कुणाला गोळी सुचवणार नाही आणि कुणाचं निदानही करणार नाही.

धागा काढायचं कारण असं, की न्यूरॉलॉजिस्टच्या खोलीत दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि त्यात घरचे सांगतात काय, तर "हात थरथरतो", "विसरतात", "आता वय झालं". काखेत एमआरआयची भलीमोठी पिशवी. पार्किन्सनमध्ये साधा एमआरआय बहुतेक वेळा ठीकठाकच येतो. तो काढतात दुसरं काही नाही ना, हे बघायला. निदान होतं ते तपासणीवरून आणि हकिगतीवरून. आणि हकिगतच आपण धड सांगत नाही.

या आजारांत कशानंतर काय बिघडलं, तो क्रम सगळ्यात जास्त बोलतो. शेवटच्या टप्प्यात सगळे पेशंट एकमेकांसारखे दिसायला लागतात. चालता येत नाही, गिळता येत नाही, बोलणं पुसट. पहिल्या दोन-तीन वर्षांत मात्र प्रत्येक आजाराची वाट निराळी असते.

पार्किन्सन बहुधा एका बाजूने सुरू होतो. एकच हात, एकच पाय. दुसरी बाजू नंतर, आणि पहिली बाजू कायम थोडी जास्तच वाईट. कंप असेल तर तो हात मांडीवर निवांत पडलेला असताना. चहाचा कप उचलताना होणारी थरथर बऱ्याचदा वेगळ्या प्रकारची असते. आणि कंप प्रत्येकाला असतोच असं नाही. मंदपणा मात्र असतो. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, पोळी लाटताना एक हात मागे राहतो, चेहरा कोरा होतो आणि घरचे म्हणतात, "हल्ली हसत नाहीत, रागावलेत का?"

पहिल्याच वर्षात माणूस वरचेवर पडायला लागला, तेही मागच्या मागे, आणि जिना उतरताना नजर खाली नेता येईना, तर डॉक्टर पार्किन्सनच्या पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) या चुलतभावाचा विचार करतात. उभं राहिल्यावर ब्लडप्रेशर धाडकन खाली, लघवीच्या तक्रारी, हे सगळं सुरुवातीलाच असेल तर एमएसए (मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी) हा दुसरा चुलतभाऊ. सुरुवातीच्या काळातच खोलीत माणसं-मुलं दिसायला लागली, एक दिवस तल्लख आणि दुसऱ्या दिवशी गुंगल्यासारखं असेल, तर लेवी बॉडी डिमेन्शिया. अल्झायमरमध्ये आधी जाते ती ताजी आठवण. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, १९६१ चा पानशेतचा पूर मात्र तारीखवार सांगतात. आणि स्मरणशक्ती शाबूत असताना स्वभावच बदलला, सभ्य माणूस भर लग्नात नको ते बोलायला लागला, दुसऱ्याच्या पानातलं उचलून खायला लागला, तर फ्रंटोटेम्पोरल प्रकारच्या डिमेन्शियाची शंका घेतात. हा आजार अनेकदा साठीच्या आतच गाठतो आणि आधी मानसोपचाराच्या फाइलीत अडकतो.

तुमचे अनुभव लिहा. रिपोर्टचे फोटो टाकू नका, कृपया.

टेकडीवाला

ताई, नेमक्या वेळी धागा आला. बाबा ६९, पुढच्या आठवड्यात पहिली अपॉइंटमेंट आहे. उजवा खांदा वर्षभर आखडलेला, फ्रोझन शोल्डर म्हणून शेक आणि व्यायाम चालू होते. मग लक्षात आलं की एआरएआयची टेकडी चढताना त्यांचा उजवा हात हलतच नाही, डावा हलतो. आता तुमचं वाचून आईला विचारलं तर ती म्हणाली, फोडणी जळली तरी ह्यांना वास येत नाही, आणि झोपेत हातपाय झाडतात, ओरडतात, एकदा तिला लाथ बसली. हे सगळं किती जुनं? म्हणे करोनाच्या आधीपासून. आम्ही वास न येण्याचं खापर करोनावर फोडून मोकळे झालो होतो. याचा एकमेकांशी संबंध आहे?

पौडफाटा

असू शकतो. हे सगळं एका कागदावर वर्षांसकट लिहून न्या, आईंनाही बरोबर न्या. झोपेतलं रात्रीच्या सोबत्यालाच माहीत असतं.

हालचालींवर ताबा ठेवणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात, सब्स्टँशिया नायग्रा नावाच्या काळपट पट्ट्यात असतात. हाताची लक्षणं दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. पण सुरुवात तिथे होत नाही, असं ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलं. त्यांच्या मते झीज आधी वासाच्या केंद्रात आणि आतड्याकडे जाणाऱ्या नसेच्या मुळाशी दिसते, मग वर सरकते. म्हणून वास जाणं, चिवट बद्धकोष्ठ आणि स्वप्न बघताना हातपाय झाडणं हे कधीकधी दहा-दहा वर्षं आधी येतं. एरवी स्वप्न पडत असताना शरीर लुळं असतं. ते कुलूप इथे निकामी होतं. प्रत्येक पेशंट या नकाशाप्रमाणे चालत नाही, हेही खरं. आणि बद्धकोष्ठ म्हणजे पार्किन्सन असं समजून उद्या कुणी धावत सुटू नका. तसं असतं तर सगळ्या पेठा न्यूरॉलॉजिस्टकडे रांगेत दिसल्या असत्या.

सोळाआणे

माफ करा, पण हे सगळं आयुष्य लांबल्यामुळे नाही का? पूर्वी माणसं साठीत जायची. यंत्र जुनं झालं की झिजणारच. त्याला लॅटिन नावं देऊन काय साधतं?

पौडफाटा

वय हा सगळ्यात मोठा धोका, मान्य. पण नव्वदीतले खणखणीत आजोबा तुम्हीही पाहिले असतील, आणि चाळिशीतला पार्किन्सनचा पेशंट मी पाहिला आहे. नुसत्या वयाने हे उलगडत नाही.

या बहुतेक आजारांत मेंदूतलं एखादं नेहमीचं प्रथिन चुकीची घडी घेतं आणि साचतं. पार्किन्सन आणि लेवी बॉडीमध्ये अल्फा-सायन्यूक्लीन, अल्झायमरमध्ये पेशींबाहेर अमायलॉइड आणि आत टाऊ. पंचाईत अशी की चुकीची घडी घेतलेलं प्रथिन विरजणासारखं वागतं, शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तसंच वळण लावतं. पार्किन्सनच्या काही पेशंटांच्या मेंदूत पूर्वी गर्भातल्या ताज्या चेतापेशींचं रोपण केलं होतं. दहाहून जास्त वर्षांनी ते वारले तेव्हा त्या तरुण पेशींमध्येसुद्धा लेवी बॉडीज, म्हणजे याच साचलेल्या प्रथिनाच्या गुठळ्या, सापडल्या. हे २००८ साली प्रसिद्ध झालं. पेशी म्हाताऱ्या नव्हत्या, सोळाआणे.

बाहेरचं विषही कारण होऊ शकतं. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक पुतळ्यासारखे ताठरले. त्यांनी टोचून घेतलेल्या नकली हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं रसायन होतं आणि त्याने डोपामिनच्या पेशीच मारल्या होत्या. पॅराक्वाट या तणनाशकाचा आणि रोटेनोन या कीटकनाशकाचा पार्किन्सनशी संबंध अभ्यासांत दिसला आहे. शेतावर फवारणी करणाऱ्या माणसाने तोंडाला फडकं बांधून भागत नाही.

अबोली

अल्झायमरबद्दल मी लिहिते, आईचं सगळं मीच केलं.

पहिली दोन वर्षं आम्ही हसण्यावारी नेली. तेच तेच विचारायची. मग स्वयंपाकाचा क्रम चुकायला लागला: साखरभात करताना साखर आधी, तांदूळ नंतर. जिने चाळीस वर्षं तो केला तिच्याकडून हे झालं तेव्हा मी घाबरले. मग पैशांचा हिशोब, मग रस्ते. लक्ष्मी रोडवरून नेहमीच्या बोळात वळायच्या ऐवजी सरळ चालत गेली, अलका टॉकीजच्या चौकात एका ट्रॅफिक हवालदाराने थांबवून घेतली. मग शब्द जायला लागले, आधी नावं. संध्याकाळी पाच-साडेपाचला अस्वस्थ व्हायची, "घरी जायचंय" म्हणायची, घरातच बसून. डॉक्टर म्हणाले, या आजारात संध्याकाळी असं होतं. दिवेलागणीच्या आधीच सगळे ट्यूब लावून ठेवायचे, वाद घालायचा नाही, एवढ्याने बरंच निभायचं. शेवटी गिळणं गेलं, आणि न्यूमोनिया झाला. अन्नाचे कण फुप्फुसात जाऊन होतो तो.

"मला ओळखत नाही" याची लोक जेवढी चर्चा करतात तेवढं दुःख मला त्याचं नाही झालं. तिला आपल्याला काहीतरी होतंय हे कळत होतं ते मधलं एक वर्ष सगळ्यात वाईट. त्या वर्षात आम्ही तिला "काही नाही झालं गं" म्हणत होतो.

डोनेपेझिल आणि मेमँटिन ही दोन्ही औषधं दिली. थोडा फरक पडला, आजार थांबला नाही. ते अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब वगैरे फक्त अगदी सुरुवातीच्या पेशंटसाठी आहे. चाचणीत दीड वर्षात घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय. व्हॉट्सअॅपवर "अल्झायमर बरा करणारं इंजेक्शन" म्हणून फिरतंय ते हेच.

रास्तापेठी

वाचतोय. एक भर घालतो, कारण हे राहून जातं: विसरणारा प्रत्येक माणूस अल्झायमरचा नसतो.

काकांचं झालं होतं. महिन्याभरात एकदम गोंधळ, चालताना झोक. सगळे म्हणाले डिमेन्शिया. सीटी स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदूच्या मध्ये रक्त साठलेलं निघालं. काही आठवड्यांपूर्वी बाथरूमच्या दारावर डोकं आपटलं होतं, ते कुणाच्या लक्षातही नव्हतं. रक्त काढलं, काका परत सुडोकू सोडवायला लागले. "महिन्याभरात" हा शब्द महत्त्वाचा. अल्झायमर इतक्या घाईने येत नाही.

बी १२ आणि थायरॉइड तर आधीच तपासून घ्या. पुण्यात केईएमच्या डॉ. याज्ञिकांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेड्यातल्या, वस्तीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या पुरुषांमध्ये मिळून सुमारे दोन तृतीयांश लोकांचं बी १२ कमी निघालं होतं, आणि सगळ्यात जास्त कमी शहरी मध्यमवर्गात. म्हणजे आपणच, वरणभातवाले.

पौडफाटा

रास्तापेठी, फार बरं केलंत. त्यातच औषधांचं जोडते. चक्कर येते म्हणून फ्लुनॅरिझिन किंवा सिनॅरिझिन, आणि पित्तासाठी लिहून दिलेल्या गोळीत जोडीला लेव्होसल्पिराइड: ही औषधं महिनोन् महिने चालू राहिली तर हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणं आणू शकतात, बऱ्याचदा दोन्ही बाजूंना एकदम. औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुतेकांना उतार पडतो. केमिस्टकडून जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा आणलेली गोळी डॉक्टरांना कुणी सांगतच नाही. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, चूर्णं आणि काढेसुद्धा. मनाने काही बंद करू नका.

सोळाआणे

काढ्यांचा विषय निघालाच आहे तर: खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपाच, म्हणजे पार्किन्सनच्या गोळीतलंच औषध, असतं हे खरं ना? मग गोळ्या कशाला? (विरजणाचा मुद्दा पटला. नोंद असावी.)

पौडफाटा

नोंद घेतली!

खरं आहे, असतं. म्हणूनच ती पूड जपून. दोन चमचे पुडीत किती डोपा गेलं हे मोजता येत नाही, आणि चालू गोळीच्या वर ते पडलं तर अंग वेडंवाकडं हलणं, भास होणं, प्रेशर उतरणं, सगळं शक्य. गोळीत लेव्होडोपासोबत कार्बिडोपा असतं. त्यामुळे औषध मेंदूत पोचण्याआधीच रक्तात खर्ची पडत नाही आणि मळमळही कमी होते. वैद्यांकडे जरूर जा, पण दोघांना एकमेकांचं सांगा.

गोळी सुरू झाली की पहिली काही वर्षं छान जातात. नंतर एका गोळीचा असर पुढच्या गोळीपर्यंत पुरत नाही. मग "चालू" आणि "बंद" असे तास पडतात. त्या वेळा लिहून ठेवा, डोस त्यावरच बसतो. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्या, कारण डाळ, दूध, पनीर यातली प्रथिनं तिच्या शोषणात आडवी येतात. आमच्या एका आजोबांचा दुपारचा "बंद" काळ फक्त ताकाची वाटी गोळीपासून लांब नेल्यावर आटोक्यात आला. आणि गोळी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. उपासाच्या दिवशीसुद्धा नाही.

चालताना पाय जमिनीला चिकटणं हा पुढच्या टप्प्यातला त्रास. दारात, लिफ्टपाशी, वळताना. वाड्यात शहाबादी फरशीवर बरे चालणारे लोक फ्लॅटच्या गुळगुळीत टाइल्सवर अडकतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. फरशीची रेघ डोळ्यांना दिसली की पाऊल उचललं जातं. रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारा, किंवा मोठ्याने ताल मोजा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. हृषीकेश पवार यांनी शुभार्थींसाठी नृत्याचे वर्ग घेतले तेही त्यांच्याच साथीने. ज्याला धड चालता येत नाही तो तालावर पाऊल टाकतो, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही.

मृद्गंध

मोटर न्यूरॉनच्या आजाराबद्दल कुणीच लिहिलं नाही. मोठा भाऊ, ५४.

आधी डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. मग दंडाचं मांस कातडीखाली आपोआप फडफडताना दिसायचं. दुखत काहीच नव्हतं, मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. मणक्याचं म्हणून एका ठिकाणी ऑपरेशन ठरत आलं होतं. दुसरं मत घेतलं, नसा-स्नायूंची ईएमजी तपासणी झाली आणि नाव कळलं.

यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशीच मरतात. हात, पाय, जीभ, गिळणं, शेवटी श्वास. स्पर्श शाबूत, डोळ्यांची हालचाल बराच काळ शाबूत. काहींचं वागणं, विचार बदलतात, दादाचं नाही. तो शेवटपर्यंत डोळ्यांनी अक्षरं दाखवून शेअर बाजारावर मला शिव्या घालत होता. सगळे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचं उदाहरण देतात. त्यांना १९६३ मध्ये कळलं आणि ते २०१८ पर्यंत जगले, पण ते अपवाद. बहुतेकांना लक्षणं सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षं मिळतात. रिल्युझोल या औषधाने थोडे महिने वाढतात. आम्हाला खरा उपयोग झाला तो वेळेत बसवलेल्या पोटातल्या नळीचा आणि रात्री मास्कमधून श्वासाला मदत करणाऱ्या बायपॅप मशीनचा. नळीचा निर्णय श्वास चांगला असतानाच घ्यावा लागतो, हे आम्हाला डॉक्टरांनी ठासून सांगितलं म्हणून बरं.

एका जाहिरातीतून स्टेम सेलवाल्यांकडे पण जाऊन आलो. काही लाखांचं पॅकेज, आणि "गॅरंटी नाही पण फायदा होतोच" अशी भाषा. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांत स्पष्ट आहे की रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. बाकी सगळं चाचणीतच हवं, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. दादाच म्हणाला, ते पैसे मुलीच्या फीला ठेव.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितेय. वडिलांना हंटिंग्टन हा मेंदूच्या झिजेचा आनुवंशिक आजार आहे. मी ३१, लग्न ठरतंय. तपासणी करू का?

पौडफाटा

बाळा, इथे कुणी हो-नाही सांगू नये. माहिती तेवढी देते. पार्किन्सन, अल्झायमर बहुतांश लोकांत थेट आनुवंशिक नसतात, हंटिंग्टन आहे. एका पालकाला असेल तर प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता, मुलगा-मुलगी भेद नाही. जनुक १९९३ मध्ये सापडला. त्यात सीएजी हा डीएनएचा तुकडा किती वेळा आलाय ते मोजतात. ४० किंवा जास्त असेल तर आयुष्यमान पुरेसं असल्यास आजार होतोच. म्हणूनच लक्षणं नसताना नुसतं रक्त देऊन मोकळं व्हायचं नसतं. आधी जेनेटिक काउन्सेलरला भेटा. न जाणून घेण्याचाही तुम्हाला हक्क आहे, आणि जाणून घेतल्यावर गर्भधारणेच्या वेळचे पर्याय आहेत. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेत या आजारांचं काम मोठं आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बोलू.

अबोली

वाचनमात्र, मलाही व्यनि कर. एकटी बसू नकोस.

रास्तापेठी

कागदपत्रांचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो, माझा धंदाच तो. डिमेन्शियाचं निदान झालं की लोक कुलमुखत्यारपत्र करून घेतात आणि निर्धास्त होतात. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते संपतं. म्हणजे नेमकं लागेल तेव्हाच ते लंगडं. त्यामुळे मृत्युपत्र, नॉमिनेशन, बँकेत "दोघांपैकी कोणीही" प्रकारचं खातं, हे समज असतानाच, त्यांना विचारून, डॉक्टरांचा दाखला जोडून करा. आणि पार्किन्सन २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. ठरावीक टक्केवारी भरली तर प्रमाणपत्र मिळतं.

टेकडीवाला

शेवटचा प्रश्न. बाबा अजून स्कूटर चालवतात. रोज मंडईपर्यंत. बोललं की भांडण.

पौडफाटा

अपॉइंटमेंटपर्यंत तुम्ही मागे बसा आणि बघा. अडचण चालवताना कमी आणि थांबताना जास्त येते. सिग्नलला पाय वेळेत टेकतो का, वळताना पलीकडे नजर जाते का. किल्ली लपवू नका, त्याने फक्त अबोला होतो. "गाडी चालवायची नाही" हे डॉक्टरांनाच प्रिस्क्रिप्शनवर लिहायला सांगा. मुलाचं न ऐकणारे पुष्कळ बाबा त्या कागदाचं ऐकतात. पीएमपीच्या बसची पायरी सध्या नको, रिक्षा बरी.

आणि जाताना चार-पाच वर्षांपूर्वीचा त्यांची सही असलेला एखादा कागद शोधून न्या, शेजारी आजची सही घ्या. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत गेलंय का, ते डॉक्टरांना दोन सेकंदांत दिसेल.